ध्यानाला बसलं की ताईचं तेच वाक्य आठवतं: जुना राग आणि माफ करणं

प्रश्न: मी दोन वर्षं रोज सकाळी वीस मिनिटं माइंडफुलनेसचा सराव करते. झोप सुधारली, ऑफिसमधली चिडचिड कमी झाली. पण सात वर्षांपूर्वी आईच्या शेवटच्या आजारपणात मोठी बहीण सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली होती, "तू काय, पैसे पाठवले की मोकळी." मी दुसऱ्या शहरात नोकरी करत होते, जमेल तेव्हा रजा काढून येत होते. आमचं बोलणं आहे, पण त्यात मन नाही. ध्यानाला बसले की हमखास तेच वाक्य आठवतं आणि छातीत भरून येतं. सगळे म्हणतात, मोठ्या मनानं माफ करून टाक. मला ते जमत नाही. माझं ध्यान चुकतंय, की माझ्यात माफ करण्याची ताकदच नाही? पुढच्या महिन्यात घरच्या एका समारंभात ताई भेटणार आहे. तेव्हा तिला "मी तुला माफ केलं" असं सांगून विषय संपवावा का?

उत्तर:

ध्यान चुकत नाहीये. दिवसभर आपण कशा ना कशात गुंतलेलो असतो, त्या गडबडीत जुनं दुखणं मागे पडतं. वीस मिनिटं सगळं बाजूला ठेवून बसलात की ते पुढे येणारच. बसल्यावर काहीच वर येत नाही असं कुणी सांगितलं, तर मला उलट थोडी शंका येते.

पण तुमच्या प्रश्नात एक गृहीतक आहे, ते मला पटत नाही. ध्यान नीट जमलं की राग विरेल, आणि राग विरला की क्षमा आपोआप येईल, असा क्रम तुम्ही धरून चालला आहात. माझ्याकडे येणाऱ्या माणसांत मला हे असं घडताना फारसं दिसत नाही. सजगतेच्या, म्हणजे माइंडफुलनेसच्या, सरावानं राग स्पष्ट दिसायला लागतो. तो लगेच कमी होईलच असं नाही, काही काळ वाढल्यासारखाही वाटतो. माफ करणं हे त्याच्या पुढचं, वेगळं काम आहे. ते ठरवून करावं लागतं, आणि ठरवून न करण्याची मुभाही माणसाला असते. या दोन कामांची गल्लत झाली की तुमच्यासारखी मनापासून सराव करणारी माणसं स्वतःलाच दोष देत बसतात.

ऑफिसमधली चिडचिड कमी झाली आणि हा राग तसाच राहिला, यात विसंगती काही नाही. रोजची चिडचिड बहुतेक वेळा शरीराच्या ताणातून येते: अपुरी झोप, घाई, सतत वाजणारा फोन. श्वास संथ झाला, झोप सुधारली की ती उतरते. जुन्या रागाचं तसं नसतं. तो आठवणीवर आणि त्या आठवणीच्या अर्थावर जगतो. ताजा राग शरीरात उसळतो आणि त्याला खतपाणी मिळालं नाही तर बऱ्यापैकी लवकर ओसरतो. सात वर्षं कुणीही सलग रागावलेलं नसतं. या सात वर्षांत तुम्ही पुन्हा पुन्हा नव्यानं रागावलात, दर वेळी त्याच एका वाक्यावरून.

आणि दर वेळी शरीर ती किंमत मोजतं. अमेरिकेतल्या होप कॉलेजमधल्या शार्लट विटव्हलिएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ७१ विद्यार्थ्यांना, ज्यानं आपल्याला खरोखर दुखावलं अशा माणसाची आठवण काढायला सांगितली. कधी ते दुखणं उगाळायचं, डूख धरायचा. कधी त्या माणसाकडे सहानुभूतीनं पाहायचं, त्याला माफ करण्याची कल्पना करायची. उगाळताना हृदयाचे ठोके, रक्तदाब, त्वचेवरचा घाम आणि भुवयांजवळच्या स्नायूंचा ताण, सगळं जास्त भरलं. त्या खोलीत समोर कुणीही नव्हतं. तुमच्या छातीत भरून येतं ते या अर्थानं अगदी खरं आहे. प्रसंग जुना असला तरी शरीराची प्रतिक्रिया आजची असते.

मनात काय चाललेलं असतं ते बघा. खटला उभा राहतो. तुम्ही फिर्यादी, तुम्हीच वकील, साक्षीदारही तुम्हीच. "मी किती रजा काढल्या, रात्रीच्या गाडीनं कशी आले, औषधांचं सगळं कुणी पाहिलं", पुरावे एकामागून एक सादर होतात. ताई हजर नसते, त्यामुळे निकाल लागत नाही, पुढची तारीख पडते. यातला प्रत्येक पुरावा खरा असेल. पण रोज सकाळी तो नव्यानं मांडल्यानं राग ताजा राहण्यापलीकडे काही होत नाही. मानसशास्त्रात याला रवंथ म्हणतात, आणि जुना राग टिकवण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

इथे बरेच जण सल्ला देतात की राग बाहेर काढून टाक, मन मोकळं कर. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये याची चाचणी घेतली. काही शे विद्यार्थ्यांच्या निबंधांवर मुद्दाम खरमरीत शेरे मारून त्यांना चिडवलं. मग काहींना त्या शेरे मारणाऱ्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले, काहींना व्यायामाचा विचार करत ठोसे मारायला सांगितले, तर काहींना नुसतंच बसवून ठेवलं. ज्यांनी त्या माणसाला डोळ्यांपुढे आणून ठोसे मारले, ते शेवटी सगळ्यात जास्त रागावलेले आणि सगळ्यात आक्रमक निघाले. नुसते बसलेले त्या मानानं बरे होते. पुढे २०२४ मध्ये बुशमन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेनं १५४ अभ्यास एकत्र तपासले, दहा हजारांहून अधिक माणसांचे. शरीराची उत्तेजना उतरवणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं यांनी राग कमी झाला. उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींचा एकंदरीत उपयोग दिसला नाही. धावण्यानं तर राग थोडा वाढलाच. धावणं बाकी कितीतरी गोष्टींसाठी चांगलं आहे, पण "जाऊन पळून ये, राग उतरेल" हा सल्ला मी देत नाही.

मैत्रिणीशी बोलण्याबद्दलही तेच. बोलल्यानंतर काही नवं दिसलं, तर बोलण्याचा फायदा झाला. दर वेळी तीच हकिगत आणि "तुझंच बरोबर आहे गं" हेच उत्तर असेल, तर तो दोघींनी मिळून केलेला रवंथ आहे. अशी मैत्रीण प्रेमळ असते, आणि तिच्याशी गप्पा मारून उठल्यावर राग दुप्पट झालेला असतो.

राग गिळून टाकावा असंही मी म्हणत नाहीये. आणि इथेच तुमच्या ध्यानाबद्दल एक शंका आहे. तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेकांचं होतं तेच तुमचंही होत असावं: ते वाक्य आलं की तुम्ही घाईघाईनं श्वासाकडे परत जाता. सूचना तशीच असते ना, "विचार आला की लक्षात घ्या आणि श्वासाकडे या". बाजारहाटाच्या यादीसाठी ही सूचना उत्तम आहे. सात वर्षांच्या दुखण्याला ती पुरत नाही. त्याला रोज असं दारातूनच परत पाठवलं, तर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होणारच. जॉन कॅबट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात माइंडफुलनेसचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यात जुनाट दुखण्यानं त्रासलेले, औषधांनी पुरतं बरं न वाटणारे रुग्ण येत. दुखणं घालवून देऊ, असं आश्वासन तिथे नव्हतं. दुखणाऱ्या जागेकडे लक्ष नेऊन ते सहन करण्याची रीत बदलणं, एवढंच शिकवलं जाई. आज माइंडफुलनेस म्हटलं की मन शांत करण्याचं बटण अशी समजूत झाली आहे, ती मूळची नाही.

तेव्हा पुढचे काही आठवडे सराव थोडा बदलून पाहा. पहिली सात-आठ मिनिटं नेहमीसारखी श्वासावर घालवा. ते वाक्य आलंच, तर त्याला परतवू नका आणि त्याच्यामागे धावूही नका. शब्दांवरून लक्ष काढून शरीरात न्या. छातीत भरून येतं म्हणजे नेमकं कुठे? घशाखाली, की बरगड्यांच्या मध्ये? दाब आहे, ऊब आहे, की ओढ? हात आवळले गेले आहेत का, जबडा? तिथे राहा. मन पुन्हा खटल्याकडे धावेल: "पण मी तर...". तेव्हा मनात एवढंच म्हणा, "बाजू मांडणं चाललंय," आणि पुन्हा छातीकडे या. भावनेला नाव द्या: "राग आहे." "राग आहे, आणि लाजही आहे." हे बाळबोध वाटेल, पण नाव देण्यानं खरंच फरक पडतो. मॅथ्यू लीबरमन यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेनं २००७ मध्ये दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दानं नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची, म्हणजे धोक्याची चाहूल घेणाऱ्या केंद्राची, प्रतिक्रिया मंदावते.

फार भरून आलं, तर डोळे उघडा, तळपाय जमिनीवर टेकलेले जाणवून घ्या, खोलीतले आवाज ऐका, आणि वाटलं तर त्या दिवसापुरतं तिथेच थांबा. जिथे सुसह्य आहे तिथपर्यंतच जायचं. अधिक वेळ सहन केल्यानं कुणी अधिक सजग होत नाही.

काही दिवस असं बसल्यावर बहुतेक वेळा रागाच्या खालचं काहीतरी दिसायला लागतं. राग ही तशी सोयीची भावना आहे. तिच्यात बळ असतं, दिशा असते, समोर दोषी माणूस असतो. तिच्याखाली ज्या भावना दडलेल्या असतात, त्यांच्यात असं काही नसतं. तुमच्या चार ओळींवरून मी दोन अंदाज करते. चुकीचे वाटले तर सोडून द्या.

पहिला असा. परगावी राहणाऱ्या मुलांना आई-वडिलांच्या आजारपणात एक अपराधी भाव असतोच, कितीही केलं तरी. ताईचं वाक्य अन्यायाचं होतं, पण ते लागलं ते बहुधा यासाठी की त्यातला एक तुकडा तुम्ही आधीच स्वतःला ऐकवत होतात. पूर्णपणे खोट्या आरोपाचा राग येतो आणि माणूस तो विसरतोही. ज्या आरोपाचं उत्तर आपण स्वतःलाच अजून दिलेलं नसतं, तो सात वर्षं टिकतो. हे खरं असेल तर ताईला माफ करण्याआधी एक प्रश्न तुमचा तुमच्याशी आहे: तेव्हा मला जे शक्य होतं ते मी केलं का? तुमचं उत्तर कदाचित "बरंचसं केलं, काही राहिलं" असं येईल. माणसाच्या बाबतीत याहून चांगलं उत्तर सहसा येत नाही.

दुसरा अंदाज जरा नाजूक आहे. आईच्या शेवटच्या दिवसांची आठवण आणि हे भांडण तुमच्या मनात एकमेकांत गुंतून गेलं आहे. आई आठवली की ते वाक्य आठवतं. काही माणसांत मी पाहिलं आहे की रागानं दुःखाची जागा अडवलेली असते. राग खाली ठेवला तर मग आई गेल्याचंच रडू उरतं, आणि ते त्या वेळी, पाहुण्यांच्या आणि कामाच्या धबडग्यात, राहूनच गेलेलं असतं. छातीत भरून येतं असं तुम्ही लिहिलंत. रागानं माणूस तापतो, मुठी आवळतो. भरून येतं ते बहुधा दुःखानं. हा भेद बसल्यावर तपासून पाहा.

आता माफ करण्याबद्दल. विस्कॉन्सिन विद्यापीठातले रॉबर्ट एन्राइट १९८० च्या दशकापासून क्षमेवर काम करत आले आहेत. त्यांच्या पद्धतीतला पहिला टप्पाच मुळी राग उघडा करण्याचा आहे: मला नेमकं काय झालं, त्यानं माझं काय काय गेलं, मी ते कसं दडपत आले. क्षमा करायची की नाही याचा निर्णय त्यानंतर. "मोठ्या मनानं माफ करून टाक" म्हणणारे तुम्हाला पहिला टप्पा ओलांडून उडी मारायला सांगतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पुष्कळदा त्यांना घरातला तणाव नको असतो. पण अन्याय झाला हे मान्य न करता केलेली माफी तोंडदेखली असते. ज्याचं नुकसान झालेलं नाही त्याला माफ करण्यासारखं असतं तरी काय?

त्यामुळे माफ करणं म्हणजे "तसं काही झालंच नाही" म्हणणं नव्हे, "तिचं बरोबर होतं" म्हणणंही नव्हे. विसरणं नव्हे, आणि पूर्वीसारखी जवळीक पुन्हा आणणंही नव्हे. जवळीक दोघींनी मिळून करायची गोष्ट आहे, तिला ताईचीही तयारी लागते. माफ करणं एकटीनं होऊ शकतं. तुमच्या मनातला बदला, मनातल्या मनात दिलेली उत्तरं, तिचं वाईट व्हावं अशी बारीकशी इच्छा, हे सोडत जाणं, आणि जमल्यास त्या जागी थोडी सदिच्छा येणं, एवढाच त्याचा आवाका आहे.

एव्हरेट वर्दिंग्टन या मानसशास्त्रज्ञांनी यात दोन भाग केले, ते मला कामात फार उपयोगी पडतात. एक निर्णयाची क्षमा: मी तिच्याशी सूडानं वागणार नाही, टोमणे मारणार नाही, तिला माणूस म्हणून वागवीन. ही आज करता येते. दुसरी भावनेची क्षमा: ती आठवली की आत कडवटपणा येत नाही. तिला वेळ लागतो, आणि पहिली झाली म्हणजे दुसरी झाली असं नसतं. वर्दिंग्टन क्षमेवर बरीच वर्षं संशोधन करत होते आणि १९९६ च्या सुरुवातीला त्यांच्या आईची घरात शिरलेल्या चोरट्यानं हत्या केली. त्यामुळे त्यांचं म्हणणं नुसतं प्रयोगशाळेतलं राहिलेलं नाही. तुम्ही ताईशी बोलता, घरच्या प्रसंगांना जाता, तिचं वाईट केलेलं नाहीत. म्हणजे निर्णयाची क्षमा तुम्ही बरीचशी करून बसला आहात, फक्त तिची गणती केलेली नाहीत.

मग "ताकद नाही" हे कुठून आलं? काही माणसं स्वभावानंच लवकर माफ करतात, हे खरं. पण एखाद्या विशिष्ट प्रसंगात क्षमा होते की नाही हे स्वभावापेक्षा इतर गोष्टींवर जास्त अवलंबून असतं: समोरच्यानं चूक कबूल केली का, हेतू काय वाटला, अपमान चारचौघांत झाला का, आपण ते किती उगाळतो. तुमच्या बाबतीत माफी मागितली गेलेली नाही, अपमान सगळ्यांसमोर झाला, आणि तो आईच्या आजारपणात. उशीर लागणं स्वाभाविक आहे. अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्या माणसावर न रागावणाऱ्या एकनाथांची गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो आणि पुढे आयुष्यभर स्वतःला त्या मापानं मोजतो. त्या गोष्टीतला माणूस परका होता. सख्ख्या बहिणीनं, आई अंथरुणाला खिळलेली असताना, नातेवाइकांसमोर बोलणं ही परीक्षा निराळी आहे.

सजगतेचा क्षमेशी संबंध आहे, पण आडवळणानं. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठातल्या योहान कॅरेमान्स आणि सहकाऱ्यांना आढळलं की स्वभावानं सजग असलेली माणसं अधिक माफ करतात, आणि त्याचं एक कारण म्हणजे ती समोरच्याच्या जागेवरून पाहू शकतात. रागानं नजर अरुंद होते, ती जरा रुंदावली की ताईही दिसायला लागते. रोज आईचं अंग पुसणारी, रात्री तीन-तीनदा उठणारी, आणि दोन दिवसांसाठी आलेल्या बहिणीचं सगळ्यांकडून कौतुक ऐकणारी. अशा माणसाच्या तोंडून जे निघतं ते पुष्कळदा थकव्याचं असतं, निवाड्याचं नसतं. तरी ही पायरी घाईनं घेऊ नका. तुमची बाजू पुरती मांडून होण्याआधी तिची बाजू समजून घ्यायला गेलात, तर ते स्वतःशी दगा केल्यासारखं वाटेल आणि राग दुसऱ्या वाटेनं परत येईल.

म्हणून आधी एक पत्र लिहा, न पाठवण्यासाठी. त्यात ताईला सगळं सांगा, सभ्यपणाची काळजी न करता. एकदाच, सविस्तर. रोज लिहायला लागलात तर तोही रवंथच. चार-आठ दिवसांनी तोच प्रसंग दुरून लिहा, स्वतःचं नाव तृतीयपुरुषी घालून: "ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तेव्हा मोठी बहीण म्हणाली..." ईथन क्रॉस आणि ओझलेम आयदुक यांनी वॉल्टर मिशेल यांच्याबरोबर २००५ मध्ये केलेल्या प्रयोगांत दिसलं की राग आणणारा प्रसंग असा थोडं लांब उभं राहून पाहिला आणि "हे का झालं" असं विचारलं, तर माणूस विचार करू शकतो आणि पेटत नाही. तोच प्रश्न प्रसंगाच्या आत शिरून विचारला की पेटतो. "का" विचारण्यात चूक नसते, कुठे उभं राहून विचारतो त्यानं फरक पडतो. दुसरं पत्र लिहिताना ताई आपोआप थोडी वेगळी दिसते, असा माझा अनुभव आहे.

मैत्री भावना, म्हणजे "तिचं भलं होवो" हे मनात म्हणण्याचा सराव, पुष्कळ जण क्षमेसाठी सुचवतात. चांगला आहे, पण ताईपासून सुरू करू नका. स्वतःपासून करा, मग ज्या माणसाशी काही देणंघेणं नाही अशा कुणापाशी जा. ताईचं नाव घेताना दात आवळले जात असतील, तर तिची वेळ अजून आलेली नाही.

याच्याशी जोडून एक गोष्ट सांगते, ती माइंडफुलनेस शिकवणाऱ्यांना फारशी आवडत नाही. २०२२ मध्ये अँड्र्यू हाफेनब्रॅक आणि सहकाऱ्यांनी आठ प्रयोगांत, १,४०० हून अधिक माणसांवर पाहिलं की श्वासावरच्या ध्यानानं अपराधी भाव कमी होतो, आणि त्याबरोबर चूक भरून काढण्याची इच्छाही कमी होते. मैत्री भावनेच्या सरावानं मात्र भरपाईची इच्छा टिकते. म्हणजे शांत वाटणं आणि योग्य वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या सात वर्षांत तुमच्याकडूनही ताईला काही लागेल असं बोललं गेलं असेल, मुद्दाम फोन टाळले गेले असतील, तर ते ध्यानात विरघळवू नका. त्याची दखल वेगळी घ्या.

आणि क्षमा नेहमी हितकारकच असते असंही नाही. लॉरा लचीज आणि एली फिंकेल यांच्या गटानं २०१० मध्ये दाखवलं की दुखावणाऱ्यानं काहीच सुधारणा केली नसताना त्याला माफ करत राहिलं, तर माफ करणाऱ्याचा स्वाभिमान झिजतो. जेम्स मॅकनल्टी यांनी नवविवाहितांचा काही वर्षं अभ्यास केला. सहज माफ करणाऱ्यांच्या जोडीदारांचं आक्रमक वागणं चालूच राहिलं, तर कमी माफ करणाऱ्यांच्या जोडीदारांचं ते कमी झालं. ताईचं ते एकदाच झालं असेल, तर तुमचा प्रश्न क्षमेचा आहे. ती अजूनही दर भेटीत चारचौघांत पाणउतारा करत असेल, तर आधी मर्यादा घाला, क्षमा नंतर. मारहाण किंवा सततचा छळ सोसणाऱ्या कुणी हे वाचत असेल, तर त्यांनी क्षमेचा विचार पूर्ण बाजूला ठेवावा आणि सुरक्षित जागी जाण्याची मदत आधी घ्यावी.

वेळ किती लागेल? क्षमेवरच्या उपचारांचे बरेच अभ्यास एकत्र पाहिल्यावर एक गोष्ट ठळक दिसते: जास्त वेळ दिलेले उपचार जास्त लागू पडतात. एका दिवसाच्या शिबिरात रडून, मिठी मारून आलेली क्षमा परतीच्या प्रवासात विरल्याचं मी पाहिलं आहे. काही महिने धरा. मधेच एखाद्या दिवशी राग पूर्ण ताकदीनं परत आला, म्हणजे सगळं वाया गेलं असं समजू नका. तो परत कसा आला यापेक्षा किती वेळ राहिला आणि त्या वेळात तुम्ही काय केलंत, हे पाहा. पूर्वी दिवस जायचा आणि आता तासाभरात तुम्ही कामाला लागता, तर फरक पडतोय.

एवढं करूनही बसल्यावर दर वेळी त्रास वाढतच असेल, तो प्रसंग आत्ता घडतोय अशी दृश्यं येत असतील, झोप पुन्हा उडाली असेल, किंवा स्वतःला वा दुसऱ्याला इजा करण्याचे विचार येत असतील, तर एकटीनं ध्यान करत राहू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशकाकडे जा. आघात झालेल्या काहींना डोळे मिटून आत पाहणं मानवत नाही. त्यांना चालण्याचं किंवा डोळे उघडे ठेवून करायचं ध्यान आणि सोबत माणूस लागतो.

आता समारंभ. जाण्याआधीच ठरवा किती वेळ थांबायचं ते. "आज सगळं निवळलं पाहिजे" असलं उद्दिष्ट ठेवू नका; नीट नमस्कार, चार साधी वाक्यं आणि घरी परत, एवढं पुरे. ताई समोर आली आणि छातीत भरून आलं, तर तळपाय जाणवून घ्या, श्वास सोडताना जरा लांबवा, मग बोला. तिनं पुन्हा काही लागणारं म्हटलं, तर एक वाक्य आधीच तयार असू द्या: "ताई, हे इथे नको, आपण दोघीच बोलू." आवाज चढवायचा नाही, आणि पुढे स्पष्टीकरण द्यायचं नाही.

"मी तुला माफ केलं" हे मात्र तिला सांगू नका. तिनं माफी मागितलेली नाही. कदाचित तिला ते वाक्य आठवतही नसेल, किंवा तिच्या मनात तिचा स्वतःचा खटला तुमच्याविरुद्ध चालू असेल. न मागता दिलेली माफी ऐकणाऱ्याला आरोपासारखी लागते, आणि पाहुण्यांच्या गर्दीत तर नक्कीच. तुमच्यासाठी ती खरी असेल तर न सांगताही ती टिकेल. पुढे कधी दोघीच असाल आणि बोलावंसं वाटलं, तर माफीपासून सुरुवात न करता आईपासून करा. "आईच्या शेवटच्या दिवसांत तुझ्यावर फार पडलं होतं. आणि तेव्हाचं तुझं एक बोलणं मला अजून लागतं." ही दोन वाक्यं याच क्रमानं म्हणा, आणि मग तिला बोलू द्या.